जुना लॅपटॉप जरूर घ्या, पण कागदासकट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्हा पुरवणीत अलीकडे 'भव्य लॅपटॉप मेळा' अशा जाहिराती वरचेवर दिसतात. एखादं मंगल कार्यालय किंवा हॉटेलचा हॉल, शनिवार-रविवारचे दोन दिवस आणि मोठ्या अक्षरांत 'आय-फाइव्ह, ८ जीबी, विंडोज ११, फक्त १३,९९९'. खाली एक मोबाइल नंबर. सोमवारी हॉल रिकामा होतो, विकणारे पुढच्या गावाला जातात आणि थोड्याच दिवसांत त्यातली मशीन्स माझ्या टेबलावर येतात. मी सांगलीत विश्रामबागेत संगणक दुरुस्तीचं आणि जुन्या-नव्या मशीनच्या खरेदी-विक्रीचं दुकान चालवते. त्याआधी एमएस-सीआयटीच्या केंद्रात शिकवत होते, त्यामुळे गिऱ्हाईक संगणकासमोर कुठे अडतं आणि दुकानात कुठे फसतं हे दोन्ही जवळून पाहिलं आहे. पत्र लांबलं आहे, पण विषय हजारो घरांच्या पैशांचा आहे, म्हणून ते पूर्ण छापावं ही विनंती.

जुना संगणक घेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. कंपनीत तीन-चार वर्षं वापरून लीजवरून परत आलेला डेलचा लॅटिट्यूड, लेनोव्होचा थिंकपॅड किंवा एचपीचा एलिटबुक घेणं ही साधारण घरासाठी आज सगळ्यात शहाणपणाची खरेदी आहे. त्याच्या बिजागऱ्या भक्कम असतात, मागचं कव्हर स्क्रू काढले की सहज निघतं, एसएसडी (माहिती साठवायची वेगवान डिस्क) बदलता येते, बहुतेकांत रॅमही वाढवता येते, की-बोर्ड सुटा मिळतो. माझी मागणी एवढीच आहे की विकणाऱ्याने मशीन नेमकं काय आहे ते लिहून द्यावं आणि पक्कं बिल द्यावं. जुनी मोटारसायकल घेताना आरसी बुक पाहिल्याशिवाय कोणी पैसे मोजत नाही. वीस-पंचवीस हजारांचा लॅपटॉप मात्र माणसं निव्वळ तोंडी घेतात, आणि घेणारे बहुतेक विद्यार्थी, सेवा केंद्रवाले आणि लहान दुकानदार असतात.

हा प्रश्न आत्ताच वाढला त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं पाठबळ थांबवलं. २०१५ च्या जुलैमध्ये आलेली ही विंडोज लाखो कचेऱ्यांत होती. त्या तारखेला मशीन बंद पडलं नाही, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतं, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, शिवाय प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर त्या यादीत बसतात, आणि आठवी पिढी आली २०१७ च्या ऑगस्टमध्ये. त्याआधीची उत्तम चालणारी मशीन्स यादीबाहेर राहिली. मोठ्या कंपन्यांनी ती लॉटने काढली. हा माल बंगळुरू, हैदराबाद, पुण्याहून उचलला जातो आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली असा फिरत आमच्याकडे येतो. मोठ्या शहरातलं गिऱ्हाईक आता पिढी विचारतं. जिथे कोणी विचारत नाही तिथे सहावी-सातवी पिढी येऊन पडते, आणि मेळे तालुक्याच्या गावी भरतात ते म्हणूनच.

आय-फाइव्ह हे इंटेलच्या प्रोसेसरचं नाव, पण नुसतं 'आय-फाइव्ह' म्हटल्याने काहीच कळत नाही. २००९ पासून पिढीमागून पिढी आय-फाइव्ह निघत आले आहेत. घेणाऱ्याने मशीन सुरू करून सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'अबाउट' उघडावं. तिथे प्रोसेसरच्या ओळीत आय-फाइव्हपुढे छोटी रेघ आणि तिच्यापुढे आकडा असतो. तो ६३०० असेल तर पहिला आकडा सहा, म्हणजे सहावी पिढी. ८२५० असेल तर आठवी. १०२१० किंवा ११३५ असा दहा-अकराने सुरू होणारा असेल तर पहिले दोन आकडे धरायचे, म्हणजे दहावी आणि अकरावी. यातला फरक नावापुरता नाही. लॅपटॉपमध्ये सर्रास येणाऱ्या, आकड्यानंतर यू हे अक्षर असलेल्या मालिकेतल्या सहाव्या-सातव्या पिढीच्या आय-फाइव्हला दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, आठव्या पिढीत त्यांचे चार झाले. डेलचे लॅटिट्यूड ७४८० आणि ७४९० शेजारी ठेवले तर बाहेरून सांगता येणार नाही कोणता कुठला. किमतीत मात्र मोठा फरक पडतो, आणि तोंडी व्यवहारात तो फरक विकणाऱ्याच्या खिशात जातो.

मग सहाव्या पिढीच्या मशीनवर विंडोज ११ कशी काय दिसते? विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह तयार करतानाच प्रोसेसरची आणि टीपीएमची तपासणी वगळता येते. गिऱ्हाइकाला खालच्या पट्टीत मधोमध आलेला स्टार्ट दिसतो आणि त्याची खात्री पटते. पण यादीबाहेरच्या मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट तिथे आपणहून येत नाही. स्वतःच्या मशीनवर समजून-उमजून कोणी हे केलं तर तो त्याचा प्रश्न आहे. दुसऱ्याला 'विंडोज ११ चा लॅपटॉप' म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि मी ती फसवणूकच म्हणणार. तपासायला मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, दोन मिनिटांत ते हो किंवा नाही सांगतं. काही विक्रेते टीपीएम २.० चा स्क्रीन उघडून दाखवतात आणि 'बघा, चालतंय' म्हणतात. सहाव्या-सातव्या पिढीच्या पुष्कळ मशीनमध्येही टीपीएम २.० असते. तेवढ्यावर जाऊ नये, प्रोसेसरचा आकडा बघायचाच.

याहून वाईट प्रकार कुलपाचा. गेल्या पावसाळ्यात आष्ट्याकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन दुकानात आले. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, उसाच्या बिलातले पैसे बाजूला ठेवून लॅपटॉप घेतला होता. दोन महिने बरा चालला. मग जरा संथ झाला म्हणून मुलीने तो रीसेट केला. रीसेट होऊन वायफाय जोडल्याबरोबर पडद्यावर परमुलखातल्या एका कंपनीचं नाव आणि बोधचिन्ह आलं, आणि खाली 'कंपनीचा ईमेल टाका'. पुढे जाता येईना. ती पोरगी रडकुंडीला आली होती, आपणच काहीतरी बिघडवलं असं तिला वाटत होतं. तिचा काहीच दोष नव्हता. मोठ्या कंपन्या आपल्या प्रत्येक लॅपटॉपची ओळख मायक्रोसॉफ्टकडे स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवतात. मशीन कुठेही जाऊन नव्याने सुरू झालं आणि इंटरनेट मिळालं की ते मालकाला विचारतं. लॉट विकताना कंपनीने ती नोंद काढायची असते, आणि बऱ्याचदा ती राहून जाते. विकणारा इंटरनेट न जोडता विंडोज टाकतो, म्हणून सुरुवातीला काही कळत नाही. क्वचित असं मशीन चोरीचंही निघतं. वडिलांनी मेळ्यातल्या नंबरवर फोन लावला, तो बंद होता. बिल नव्हतं. त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत यंत्रणा टाकून दिली, ते कुलूप विंडोजपुरतंच असल्याने मशीन सुरू झालं. पण तिच्या अभ्यासक्रमातलं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लावून ती काम करते आहे.

म्हणून जुना लॅपटॉप घेताना, पैसे देण्याआधी, आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून समोर रीसेट करून दाखवायला सांगावं. अर्धा-पाऊण तास जातो. चांगला विक्रेता कुरकुर करेल, पण करून दाखवेल. जो 'गर्दी आहे, नंतर बघा' म्हणेल त्याच्याकडून घेऊ नये. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ व्यवस्थेला) पासवर्ड आहे का तेही तेव्हाच बघून घ्यावं, कारण पुष्कळ कंपनी मॉडेल्समध्ये तो विसरला तर मदरबोर्डाचं काम निघतं.

आपल्या भागाचा म्हणून एक वेगळाच धोका आहे, तो पुण्या-मुंबईच्या माणसाच्या लक्षातही येणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा दुकानं, पतसंस्था, क्लासेस, दवाखाने इथले संगणक पाण्यात गेले. त्यातले बरेच भंगारात गेले, पण सगळे नाही. भिजलेला बोर्ड साफ करून, वाळवून चालू होतो आणि काही महिने चालतोही. मग एखाद्या दमट दिवशी चार्जिंग थांबतं किंवा डिस्प्ले जातो, कारण आत गंज चढत राहिलेला असतो. अशी मशीन्स हात बदलत अजून फिरतात, विशेषतः डेस्कटॉप. ओळखायचं कसं? मोबाइलचा टॉर्च लावून यूएसबीच्या आणि लॅनच्या खाचेत बघा. तिथे वाळलेला गाळ चिकटलेला असतो, तो कापसाने निघत नाही. स्क्रूच्या खाचेत तांबूस रंग दिसतो. मागचं कव्हर उघडू दिलं तर बोर्डावर पांढरी-हिरवट बुरशीसारखी खूण दिसते. भिजलेल्या मशीनचे सुटे भाग वापरायला माझी ना नाही, त्यांनी अनेकांची कामं निघाली आहेत. सांगून वापरावेत.

बॅटरीबद्दल थोडक्यात. 'बॅकअप तीन तास' हे वाक्य प्रत्येक विक्रेता बोलतो. विंडोजमध्येच बॅटरीचा अहवाल काढायची सोय आहे, त्यात दोन आकडे असतात: कारखान्यातून निघताना बॅटरी किती साठवत होती आणि आज किती साठवते. पहिला ६०,००० आणि दुसरा २७,००० असेल तर ती निम्म्याहून खाली आली, नवी बॅटरी घ्यायचे पैसे आजच किमतीतून वजा करा. टचपॅड एका बाजूने वर आलेला किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी सुजली आहे, ते मशीन घरात नेऊच नका. एसएसडीची तब्येत टक्क्यांत दाखवणारी मोफत सॉफ्टवेअर्स आहेत, विक्रेत्याकडे ती असतातच, फक्त आपण मागत नाही.

रॅमचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात नवी लबाडी शिरली आहे. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चढत गेले आणि काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाले. जगभरची रॅम मुख्यत्वे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. त्यांनी आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या महाग मेमरीकडे वळवली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशियल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरच्या पीसीत वर्षानुवर्षं टाकत आलेली ही रॅम. आता परिस्थिती अशी की जुन्या लॅपटॉपातली डीडीआर-४ या प्रकारच्या रॅमची पट्टी काढून वेगळी विकली तर तिच्यावर चांगले पैसे सुटतात. त्यामुळे १६ जीबी सांगून दाखवलेलं मशीन पॅकिंग करताना ८ जीबीचं होतं. दुरुस्तीला दिलेल्या मशीनचंही तेच. माझ्याकडे आलेल्या एका सेवा केंद्रचालकाच्या डेस्कटॉपमध्ये दोन पट्ट्यांची एकच राहिली होती, आणि आधीच्या दुकानात 'विंडोज करप्ट झाली म्हणून स्लो आहे' असं सांगून त्याच्याकडून फॉरमॅटचेही पैसे घेतले होते. मशीन दुरुस्तीला देताना 'टास्क मॅनेजर'मधल्या मेमरीच्या पानाचा फोटो काढून ठेवा. रॅम किती, किती खाचा भरलेल्या, सगळं त्यावर असतं.

रॅम महागल्यामुळे 'आत्ता ४ जीबी घ्या, पुढे वाढवू' या सल्ल्याला फारसा अर्थ उरलेला नाही. शिवाय हल्लीच्या पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच जोडलेली असते, ती वाढतच नाही. घ्यायच्या वेळीच विचारावं, पट्टी आहे की बोर्डावर आहे. डेस्कटॉपच्या बाबतीत वेगळी अडचण. ऑफिसांतून निघालेले ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क असे छोटे चपटे डबे स्वस्त आणि टिकाऊ असतात, हिशेबाच्या आणि कॉलेजच्या कामाला मी तेच सुचवते. पण गेम खेळणाऱ्या किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या मुलाला 'नंतर ग्राफिक कार्ड टाक' म्हणून तो डबा विकला जातो. त्याचा पॉवर सप्लाय दोनशे वॉटच्या आसपास असतो, नेहमीच्या मापाचा पॉवर सप्लाय त्यात बसत नाही, आणि कार्ड अर्ध्या उंचीचंच लागतं. त्या मुलाला सुरुवातीलाच असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जुळवून केलेला संगणक घ्यायला सांगावं.

नवंच घ्यायचं असा घरातल्यांचा आग्रह असतो, वॉरंटी मिळते म्हणून. तो समजण्यासारखा आहे. पण वीस हजारांच्या आतल्या नव्या लॅपटॉपात बहुधा सेलेरॉनसारखा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी मेमरी (बोर्डालाच जोडलेली, एसएसडीपेक्षा संथ साठवण) असते. कागदोपत्री विंडोज ११ ची किमान अट पूर्ण होते. प्रत्यक्षात विंडोजचा अपडेट उतरायलाच जागा पुरत नाही, आणि वाढवायची सोय नाही. सेलेरॉन एन-४०२० ला दोन कोअर आहेत. त्याच पैशांत आठव्या पिढीचा चार कोअरचा बिझनेस लॅपटॉप येतो. गरज पदवीपर्यंतची असेल तर माझं मत स्पष्टपणे जुन्याच्या बाजूने आहे, फक्त कागद हवा.

ज्यांच्याकडे आधीच जुनं मशीन आहे त्यांनीही घाईने ते फुंकून टाकू नये. विंडोज १० ची वाढीव सुरक्षा घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर ठेवायला मान्यता दिली तर त्याचे पैसे पडत नाहीत. ही सोय सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावरच आहे, आणि कोणी दुकानदार ती आपणहून सांगत नाही, कारण त्यातून विक्री होत नाही. ज्यांचं काम ब्राउझर, पत्रव्यवहार आणि थोडा हिशेब एवढंच आहे त्यांना चौथ्या-पाचव्या पिढीच्या मशीनवरही लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस उत्तम चालतं, मराठी टायपिंग इनस्क्रिप्टने होतं. फक्त आधी मिनिटाला ५४०० फेऱ्यांची जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकावी. जुन्या मशीनवर केलेल्या खर्चात सगळ्यात जास्त फरक याच खर्चाने पडतो. आपल्या गावात असे डीटीपीवाले अजून आहेत की ज्यांची लग्नपत्रिकांची, स्मरणिकांची वीस वर्षांची कामं पेजमेकर (पानांच्या मांडणीचं) आणि श्रीलिपी (मराठी टायपिंगचं) या जुन्या सॉफ्टवेअरांत पडून आहेत. त्यांनी ते मशीन इंटरनेटपासून तोडून तसंच जपावं आणि मेल-व्यवहाराला दुसरं घ्यावं. सगळं नव्यावर न्या, असा सल्ला देणाऱ्याला त्या जुन्या फाइली नव्या मशीनवर कशा उघडतात हे बहुधा माहीत नसतं.

एक्स्चेंजचं. 'जुना कसाही आणा, पाच हजार सूट' या योजनेत शिरण्यापूर्वी तेच नवं मॉडेल एक्स्चेंज न करता कितीला पडतं ते दुसऱ्या दोन दुकानांत विचारा. कित्येकदा ती सूट सगळ्यांनाच मिळणार असते आणि जुनं मशीन फुकट जातं. त्याहून काळजीची गोष्ट त्या मशीनमधल्या माहितीची. एका लॉटमध्ये माझ्याकडे एक डेस्कटॉप आला. सुरू केला, पडद्यावर काहीच नव्हतं, सगळं पुसलेलं. हार्डडिस्क तपासताना फायली परत मिळवण्याचं साधं सॉफ्टवेअर लावलं तर ओळीने नावं यायला लागली: माणसाचं नाव, पुढे पॅन, आधार, फॉर्म १६, बँकेचं स्टेटमेंट. कर सल्लागाराच्या कुठल्या तरी कचेरीचं मशीन होतं, आणि त्या फोल्डरांत शेकडो लोक होते. मी ती डिस्क पूर्ण पुसली. पण ती माझ्याकडे येण्याआधी ज्यांच्या हातून फिरली त्यांनी काय केलं, हे त्या लोकांना कधीच कळणार नाही. नुसतं डिलीट किंवा झटपट फॉरमॅट केल्याने हार्डडिस्कवरचं काही जात नाही, फक्त नावांची यादी जाते. विंडोजच्या रीसेटमध्ये 'सगळं काढा' निवडून पुढे सेटिंग बदलून 'डेटा पूर्ण साफ करा' निवडावं लागतं. मोठ्या हार्डडिस्कला त्याला कित्येक तास लागतात, लागू द्यावेत. डॉक्टर, वकील, सीए, पतसंस्था यांनी तर डिस्क काढून स्वतःकडेच ठेवावी. मशीनची किंमत त्याने थोडी कमी येईल, पण लोकांचे कागद आपण कोणत्या अधिकाराने विकतो?

आता बिलाबद्दल. 'बिल हवं तर १८ टक्के वर पडतील' हे वाक्य मी बाजारात रोज ऐकते. ते बरोबर नाही. जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला, त्याने खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल तर, विक्री आणि खरेदीच्या किमतीतल्या फरकावरच जीएसटी भरायचा असतो. दहा हजारांना घेतलेलं मशीन तेरा हजारांना विकलं तर कर तीन हजारांवर. वस्तूंची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या दुकानदाराला महाराष्ट्रात साधारणपणे नोंदणीच लागत नाही, पण बिल द्यायला त्याला कोणी अडवलेलं नाही. आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिली आहे, जुना माल नवा म्हणून खपवणं तर आहेच. ग्राहकाला आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे. पण हे सगळं वापरायला हातात कागद लागतो, विकणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो. आष्ट्याच्या त्या मुलीच्या वडिलांकडे यातलं काहीच नव्हतं.

ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यात जुनी उपकरणं नीट करून विकणाऱ्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची आहे. सूक्ष्म उद्योगांना मात्र हे नियम लागू नाहीत, म्हणजे माझ्यासारखी दुकानं आणि मेळे भरवणारे पुष्कळसे त्याच्या बाहेर राहतात. सामान्य माणूस माल घेतो तो आमच्याकडूनच. म्हणून सरकारी नियमाची वाट न बघता व्यापाऱ्यांनी आपणहून कागद द्यायला हवा. मी देते. अर्ध्या पानाचा आहे: मॉडेल आणि सीरियल नंबर, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, विंडोज ११ च्या यादीत आहे की नाही, रॅम किती आणि पट्टी की बोर्डावर, एसएसडीची टक्केवारी, बॅटरीचे दोन्ही आकडे, विंडोजचं लायसन्स कुठलं, इंटरनेट जोडून रीसेट करून पाहिलं का, पूर्वी बोर्डाचं काम झालं आहे का, आणि किती दिवसांची जबाबदारी माझी. खाली सही-शिक्का. हे सुरू केल्यावर धंदा बसेल असं शेजारचे म्हणत होते. तसं झालं नाही. कागद बघून माणूस घासाघीस कमी करतो, कारण काय घेतोय ते त्याला कळलेलं असतं.

आपल्याला माझी विनंती अशी की मेळ्याची जाहिरात घेताना विक्रेत्याचा कायमचा पत्ता आणि प्रोसेसरची पिढी त्यात असल्याशिवाय ती छापू नये. जाहिरात विभागाला यात पैशाचं नुकसान दिसेल, पण वर्तमानपत्रात आलंय म्हणजे खरं असणार, असं समजून माणसं त्या हॉलवर जातात. पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू झाली, आपल्या जिल्ह्यातही तिचे कार्यकर्ते आहेत. त्यांनी प्रवेशाच्या दिवसांत एक टेबल टाकावं, तपासायला मी आणि आणखी काही दुरुस्तीवाले विनामोबदला बसू. कॉलेजांनी प्रवेशपत्रिकेबरोबर त्या-त्या शाखेला कोणतं सॉफ्टवेअर लागणार आणि त्याला किमान कोणतं मशीन पुरतं हे मराठीत छापून द्यावं. संगणकाच्या शाखेला जे पुरतं ते मेकॅनिकलच्या ड्रॉइंगला पुरत नाही, आणि पालकांना हे सांगणारं आज कोणी नाही.

माझ्या माहितीपत्रकाचा नमुना या पत्रासोबत पाठवला आहे. जागा असेल तर तोही छापावा. त्यावर दुकानाचं नाव मुद्दाम ठेवलेलं नाही, कोणत्याही दुकानदाराने तो उचलून वापरावा, आणि दुकानदार देत नसेल तर गिऱ्हाइकाने पुरवणीतून कापून त्याच्यापुढे भरायला ठेवावा.

आपली,
संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणारी एक वाचक,
विश्रामबाग, सांगली